एआरएम कॉम्प्युटर घेण्याआधी मागच्या वायरी मोजा

बेळगावात कॉलेज रोडला किंवा टिळकवाडीत कॉम्प्युटर बघायला निघालात की आता तीन तऱ्हेची एआरएम यंत्रं (म्हणजे मोबाइलच्या जातीचा प्रोसेसर असलेली) कानावर येतात. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन चिपचा स्टिकर लावलेले विंडोज लॅपटॉप, एम मालिकेतली चिप असलेले ॲपलचे मॅक, आणि इंजिनिअरिंगची पोरं ऑर्डर देऊन मागवतात तो तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय. ‘यावर आमचं सगळं चालतंय का?’ असं विचारलं तर काउंटरवरून ठरलेलं उत्तर येतं: ‘चालतंय की हो, न्या बिनधास्त.’ यात खोटं काही नाही, पण गोष्ट अर्धीच सांगितली जाते. ऑपरेटिंग सिस्टीम चालते, आणि आता झकास चालते. अडतं ते मागं लोंबणाऱ्या वायरींपाशी: प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र, डोंगल (सॉफ्टवेअरचा परवाना तपासणारी यूएसबी कांडी), वजनकाटा. तेव्हा आधी वायरी बघू, यंत्र कुठलं घ्यायचं ते नंतर ठरवू.

एआरएमबद्दल एवढं ठाऊक असू द्या

इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर ज्या आज्ञा ओळखतात त्या संचाला एक्स८६ म्हणतात. एआरएमचा संच वेगळा आहे. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत १९८५ मध्ये पहिली एआरएम चिप चालू झाली आणि १९९० मध्ये त्या कामासाठी स्वतंत्र कंपनी निघाली. तिचा धंदा मुख्यतः आराखडे परवान्यावर देण्याचा. चिपा क्वालकॉम, ॲपल, ब्रॉडकॉम, मीडियाटेक अशा कंपन्या घडवतात. तुमच्या खिशातला मोबाइल जवळजवळ नक्की एआरएमचाच आहे.

एक्स८६ साठी बांधलेला प्रोग्रॅम एआरएमवर थेट चालत नाही. एकतर त्याची एआरएम आवृत्ती लागते, नाहीतर ऑपरेटिंग सिस्टीमला मधे बसून दुभाष्याचं काम करावं लागतं, त्याला इम्युलेशन म्हणतात. हा दुभाषा सोप्यावर बसतो, त्याला माजघरात प्रवेश नाही. प्रोग्रॅम सोप्यावर येतात, त्यांचं तो निभावून नेतो. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखी वस्तू चालवणारे छोटे प्रोग्रॅम, मात्र माजघरात, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात (कर्नलमध्ये), राबणारे असतात आणि तिथं एआरएमचाच ड्रायव्हर लागतो. एखादं भलंमोठं सॉफ्टवेअर सुरळीत चालतं आणि शेजारचा जुना प्रिंटर ढिम्म हलत नाही, त्याचं कारण हेच.

पायरी पहिली: टेबलामागं जाऊन यादी करा

सध्याच्या कॉम्प्युटरच्या मागं वाका आणि कुठली वायर कुठं जाते ते कागदावर उतरवा, मॉडेल नंबरासकट. ‘कॅननचा प्रिंटर’ एवढ्यानं भागत नाही, ‘एलबीपी २९००’ असं लिहायचं. मग प्रत्येक वस्तूपुढं एकच प्रश्न: हिला कंपनीचा वेगळा ड्रायव्हर टाकावा लागला होता का?

कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह, साधा यूएसबी वेबकॅम यांची चिंता सोडा. दुकानातला बारकोड स्कॅनरसुद्धा सोडा, कॉम्प्युटरला तो कीबोर्डच वाटतो. निपाणीच्या तंबाखू वखारीत किंवा अडत दुकानात इलेक्ट्रॉनिक वजनकाटा सिरियल वायरीनं जोडलेला असेल तर मधे यूएसबी कन्व्हर्टर येतो. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एफटीडीआय आणि सीएच३४० या दोन्ही नेहमीच्या चिपांचे ड्रायव्हर आधीपासून असतात, वायर खोचली की काम सुरू. विंडोजच्या एआरएम लॅपटॉपवर त्या कन्व्हर्टरचा एआरएम६४ (६४ बिटच्या एआरएमचा) ड्रायव्हर मिळतो का, ते आधी शोधावं लागतं.

प्रिंटरचं जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडं दर दुसऱ्या झेरॉक्सच्या दुकानात कॅननचा एलबीपी २९०० दिसतो आणि माणसं त्याला सोडायला तयार नसतात. हा प्रिंटर कॅप्ट नावाच्या कॅननच्या खास भाषेत बोलतो. लिनक्ससाठी कंपनीनं दिलेला ड्रायव्हर एक्स८६ साठी बांधलेला आहे. तो रास्पबेरी पायवर बसत नाही. हौशी लोकांनी ती भाषा उलगडून मुक्त ड्रायव्हर लिहिलाय, पण नवख्यानं त्याच्या भरवशावर दुकान उघडू नये. एचपीचा लेझरजेट १०२० हेही असंच जुनं खोड. त्याच्यासाठी मात्र एफओओ२झेडजेएस नावाचा मुक्त ड्रायव्हर आहे आणि तो एआरएमवर चालतो, कारण त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि कुठल्याही चिपसाठी पुन्हा बांधता येतो. डॉट मॅट्रिक्सवर नुसती बिलं मारायची असतील तर विंडोजमधल्या ‘जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली’ या साध्या ड्रायव्हरवर भागतं, मात्र अक्षरं फक्त इंग्रजी.

नवा प्रिंटर घेणार असाल तर खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रियाची खूण बघा. असे प्रिंटर सगळ्यांना समजणाऱ्या आयपीपी पद्धतीनं बोलतात. मॅक, विंडोज, लिनक्स तिन्हींवर कंपनीचा ड्रायव्हर न टाकता चालतात. एआरएमकडं वळायचं पक्कं असेल तर नव्या कॉम्प्युटरच्या जोडीला असा प्रिंटर हाही खर्च धरून ठेवा.

आता अंगठ्याचं यंत्र. ग्राम वन किंवा सीएससी हे सरकारी सेवांचं केंद्र चालवणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. आधार पडताळणीची यंत्रं ‘आरडी सर्व्हिस’ नावाच्या कंपनीच्या प्रोग्रॅमशिवाय बोलत नाहीत, आणि विंडोजवर त्या प्रोग्रॅमला जोडीला ड्रायव्हरही लागतो. गंमत अशी, की हेच यंत्र ओटीजी वायरीनं अँड्रॉइड मोबाइलला लावलं की चालतं, आणि मोबाइल तर एआरएमच! म्हणजे दोष चिपचा नसतो. मोबाइलसाठी कुणीतरी ॲप बांधलंय. एआरएम विंडोजसाठी ड्रायव्हर बांधलाय असं कंपनीनं लेखी सांगितल्याशिवाय केंद्राचं मुख्य मशीन बदलू नका. डिजिटल सहीच्या टोकनलाही हाच नियम.

घरून बेंगळुरू-पुण्याच्या कंपन्यांचं काम करणाऱ्यांच्या यादीत वायर दिसणार नाही, पण एक अदृश्य वायर असते: कंपनीचं व्हीपीएन, म्हणजे घरून कंपनीच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट. तेही ड्रायव्हर टाकतं. आयटी विभागाला नेमकं विचारा: ‘व्हीपीएनची एआरएम६४ आवृत्ती देता का?’

वडगावचा एक प्रेसवाला मित्र ही सगळी यादी ऐकून म्हणाला, ‘मग मी काय करू गा?’ त्याच्याकडं कंपोझिंगच्या मशीनला डोंगल लावलेलं डीटीपी सॉफ्टवेअर, जुन्या फाँटमधल्या वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका आणि प्लेट काढणारा प्रिंटर. त्याला सांगितलं, तेच इथं लिहितो: कंपोझिंगचं मशीन आहे तिथं असू दे, जोवर उठतंय-बसतंय तोवर. हिशेब, मेल, गिऱ्हाइकाला पीडीएफ दाखवणं यासाठी दुसरं मशीन हवं असेल तर ते खुशाल एआरएमचं घे.

पायरी दुसरी: पुढ्यातलं यंत्र एआरएमचं आहे का ते ओळखा

सेकंडहँड बाजारात याला फार महत्त्व. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग अबाउट उघडा. ‘सिस्टीम टाइप’पुढं ‘एआरएम-बेस्ड प्रोसेसर’ लिहिलेलं असेल तर एआरएम. ‘एक्स६४-बेस्ड’ असेल तर इंटेल किंवा एएमडी. मॅकवर ॲपलच्या चिन्हावर टिचकी मारून ‘अबाउट धिस मॅक’ बघा. ‘चिप: ॲपल एम१’ असं काही दिसलं तर एआरएम, ‘प्रोसेसर: इंटेल’ दिसलं तर जुना.

डाउनलोड करतानाही डोळ्यात तेल घालून बघा. फाईलच्या नावात एआरएम६४ किंवा एएआरसीएच६४ असेल तर आपल्या कामाची. एएमडी६४ हे नाव रोमन लिपीत घाईघाईत अगदी तसंच दिसतं, आणि ते एक्स८६ चं. नावात एएमडी असलं तरी इंटेललाही तेच चालतं.

पायरी तिसरी: कुठल्या घराण्यात जायचं ते ठरवा

मॅक. एआरएमवर सगळ्यात कमी कटकटीचा हाच, पैसे मोजायची तयारी असेल तर. ॲपलनं नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आणली आणि २०२३ च्या मध्यापर्यंत सगळी मॅक मालिका स्वतःच्या चिपांवर नेली. सगळा कारखानाच हलल्यामुळं सॉफ्टवेअरवाल्यांनाही मागं यावं लागलं. इंटेलसाठीचे जुने प्रोग्रॅम रोझेटा २ हा दुभाषा चालवतो, आणि इतका सफाईनं की बहुतेकांना कळतही नाही. मात्र ॲपलनं सांगून ठेवलंय की पूर्ण रोझेटा मॅकओएस २७ पर्यंतच मिळेल, त्यानंतर काही जुन्या खेळांपुरता उरेल. तेव्हा ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’ उघडून ‘काइंड’ या रकान्यात बघा. ज्या प्रोग्रॅमपुढं ‘इंटेल’ दिसेल त्याची नवी आवृत्ती आत्ताच शोधा. मॅकओएस २६ ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती, म्हणून स्वस्तात मिळतोय म्हणून इंटेलचा मॅकबुक आता उचलू नका.

एक गैरसमज वारंवार ऐकू येतो: ‘मॅकमध्ये पॅरलल्स टाकून विंडोज घेऊ, म्हणजे दोन्ही कामं होतील.’ पॅरलल्स हा मॅकच्या आत विंडोज चालवणारा प्रोग्रॅम, पण एम मालिकेच्या मॅकवर त्यात चालतं ते एआरएम विंडोजच. ज्या ड्रायव्हरपायी स्नॅपड्रॅगन लॅपटॉप नाकारला, तोच ड्रायव्हर इथंही अडवणार.

विंडोज. एआरएमवरच्या विंडोजचा पूर्वेतिहास वाईट आहे आणि जुन्या दुकानदारांच्या मनात तो अजून बसलेला आहे. २०१२ चं विंडोज आरटी जुने प्रोग्रॅम मुळीच चालवत नव्हतं. विंडोज १० च्या एआरएम आवृत्तीत ३२ बिटचे जुने प्रोग्रॅम चालू लागले, ६४ बिटचे विंडोज ११ पासून. २०२४ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीसोबत ‘प्रिझम’ नावाचा नवा दुभाषा आला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये स्नॅपड्रॅगन एक्सचे लॅपटॉप बाजारात उतरले. खरी मजल तिथून. एज, क्रोम, फायरफॉक्स, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, फोटोशॉप यांच्या एआरएम आवृत्त्या आहेत, आणि उरलेले बरेचसे प्रोग्रॅम प्रिझम चालवून घेतो. बॅटरी दिवस काढते. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात वीज गेली की ती परत कधी येईल याचा नेम नसतो. तिथल्या शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला हा गुण बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटेल.

दुकानातच करायची एक परीक्षा सांगतो. टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’मध्ये जा, रकान्यांच्या मथळ्यावर उजवी टिचकी मारून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘आर्किटेक्चर’ निवडा. प्रत्येक प्रोग्रॅमपुढं एआरएम६४, एक्स६४ किंवा एक्स८६ असं उमटतं. एआरएम६४ म्हणजे स्वतःच्या पायावर. बाकीचे दोन दुभाष्याच्या खांद्यावर. दुभाष्यावर चालणारा प्रोग्रॅम थोडा हळू आणि बॅटरीला थोडा जड. रोज आठ तास वापरायचा मुख्य प्रोग्रॅमच तसा असेल तर विचार करा. अधूनमधून उघडायचा असेल तर काही बिघडत नाही.

खेळांचं दोन वाक्यांत: ज्या ऑनलाइन खेळांचं फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर कर्नलमध्ये बसतं, त्यातले बरेच अजून रडतात. पोराला खेळांसाठीच मशीन हवं असेल तर एआरएमचा विषयच काढू नका. उद्यमबागेतल्या वर्कशॉपवाल्यांना एक वाक्य: कॅड-कॅमचं पॅकेज विकणाऱ्याकडून ‘विंडोज ऑन एआरएम चालतं’ असं लेखी घ्या, तोंडी नको.

क्रोमबुक. एआरएमची स्वस्त क्रोमबुकं, म्हणजे गूगलच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारे लॅपटॉप, मिळतात. शाळकरी मुलाला वेब, डॉक्स आणि अँड्रॉइड ॲपपुरती पुरेशी. घेताना अपडेट कुठल्या वर्षापर्यंत मिळणार ती तारीख तपासा. २०२१ पासूनच्या मॉडेलांना १० वर्षं देण्याचं गूगलनं जाहीर केलंय, आणि ती मॉडेल बाजारात आली तेव्हापासून मोजली जातात, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे.

लिनक्स. इथं एक्स८६ ची सवय मोडावी लागते. इंटेलच्या पीसीवर एक पेनड्राइव्ह बनवून ती कुठल्याही मशीनला लावता येते. एआरएममध्ये रास्पबेरी पायसारख्या बहुतेक बोर्डांना आपापली वेगळी इमेज (कार्डावर उतरवायची तयार ऑपरेटिंग सिस्टीम) लागते, कारण बोर्डावर काय कुठं जोडलंय हे लिनक्सला आधी सांगावं लागतं. म्हणून बोर्ड निवडताना वेगापेक्षा त्याच्यासाठी इमेज कोण बनवतं आणि किती वर्षं सांभाळतं हे बघायचं. ऑरेंज पायसारखे बोर्ड कमी पैशांत जास्त देतात, त्यांना आर्मबियन या बोर्डांसाठीच्या लिनक्सचा आधारही आहे. पण पहिलाच बोर्ड असेल तर मी रास्पबेरी पायच सुचवेन. स्नॅपड्रॅगन लॅपटॉपवर उबुंटू नावाचं लिनक्स बसवण्याचे प्रयोग पुढं सरकताहेत, ते हौशी माणसासाठी. एम१, एम२ च्या मॅकसाठी ‘फेडोरा असाही रीमिक्स’ नावाचा लिनक्सचा अवतार चांगला उतरलाय, तोही कामाच्या एकुलत्या एक मशीनवर नको.

पायरी चौथी: रास्पबेरी पायचा डेस्कटॉप उभा करा

‘पाय ५’ हा बोर्ड ऑक्टोबर २०२३ पासून मिळतो. डेस्कटॉप म्हणून निर्धास्तपणे वापरावा असा हा पहिला पाय, असं माझं मत. चार कोर्टेक्स ए७६ कोर, २.४ गिगाहर्ट्झ. पाय ४ सुद्धा चालतो, पण ब्राउझरमध्ये पाचसहा टॅब उघडले की हातावर हात ठेवून बसावं लागतं. रॅम बोर्डावर पक्की असते, मागाहून वाढत नाही. डेस्कटॉपसाठी ८ जीबी घ्या. कीबोर्डातच कॉम्प्युटर असलेला पाय ५०० घेतला तर पंखा, केस यांची यातायात वाचते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो चार्जरपाशी. पाय ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर हवेत. घरात ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर पडलेला असतो, तो मोठा म्हणून लोक तोच लावतात. पण असे चार्जर ५ व्होल्टवर सहसा ३ अँपिअरच देतात. त्यांचे उरलेले वॅट वरच्या व्होल्टेजला असतात, आणि ती पायला घेता येत नाहीत. ३ अँपिअर मिळाले की पाय सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो, पूर्ण ताकदीचा चार्जर असेल तर १६००. म्हणून बाहेरची एसएसडी (वेगवान साठवणीची डिस्क) मधेच गळून पडते आणि माणूस एसएसडीला शिव्या घालत बसतो. मूळ कंपनीचा २७ वॅटचा चार्जर घ्या, विषय संपवा.

आता बसवणी. कुठल्याही चालू कॉम्प्युटरवर ‘रास्पबेरी पाय इमेजर’ उतरवून घ्या आणि ३२ जीबीचं चांगलं मायक्रोएसडी कार्ड लावा. इमेजरमध्ये आधी बोर्ड निवडा, मग ऑपरेटिंग सिस्टीम (६४ बिटची रास्पबेरी पाय ओएस), मग कार्ड. कार्ड निवडताना तुमची दुसरी पेनड्राइव्ह लागलेली नाही ना, हे बघून घ्या. जे निवडाल ते पुसलं जाणार. पुढं तो सेटिंग्ज विचारतो, ती टाळू नका: युजरचं नाव आणि पासवर्ड, वायफायचं नाव, देश भारत, वेळ ‘एशिया/कोलकाता’, कीबोर्ड ‘यूएस’. आपल्याकडं विकले जाणारे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचे असतात. ब्रिटिश मांडणी राहिली तर शिफ्ट आणि २ दाबल्यावर ॲटच्या जागी अवतरणचिन्ह येतं आणि पासवर्ड काही केल्या जुळत नाही.

कार्ड पायमध्ये घाला. मायक्रो एचडीएमआयची दोन भोकं असतात, त्यातलं चार्जरच्या भोकाजवळचं वापरा. पाय ५ ला हेडफोनचं गोल भोक नाही. आवाज मॉनिटरमधून, ब्लूटूथवरून किंवा यूएसबीवरून काढावा लागतो. कूलर लावाच. ८० अंशांवर गेला की पाय स्वतःहून वेग उतरवू लागतो, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

पहिल्यांदा उघडल्यावर अपडेट पूर्ण होऊ द्या. क्रोमियम, फायरफॉक्स मिळतात. लिब्रेऑफिस, गिंप, इंकस्केप, व्हीएलसी, मुलांसाठी स्क्रॅच, सगळं मेनूतूनच बसवता येतं. सेवासिंधूवरचा अर्ज, भूमी पोर्टलवरचा जमिनीचा उतारा, शाळेच्या साइट ही ब्राउझरची कामं, ती होतात. झूमची मीटिंग ब्राउझरमधून जोडा. यूट्यूब १०८० पर्यंत ठीक चालतं. त्यावर ताणायला गेलात तर अडखळतं, कारण पाय ५ मध्ये फक्त एचईव्हीसी या एका पद्धतीचा व्हिडिओ उलगडणारं हार्डवेअर आहे, बाकी सगळा भार प्रोसेसरवर.

टॅली विंडोजचा प्रोग्रॅम, तो पायवर थेट चालणार नाही. बॉक्स६४ आणि वाइन या प्रोग्रॅमांच्या जोडीनं काही विंडोज प्रोग्रॅम चालवता येतात, पण हिशेबाच्या कामाला ही सर्कस नको. टॅली जुन्या विंडोज मशीनवर ठेवा आणि पायमधल्या रेमिना या प्रोग्रॅमनं रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे जुन्या मशीनचा पडदा पायवर आणून, उघडा. त्यासाठी जुन्या मशीनवर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होमवर ही सोय नाही.

पंधरा दिवस चांगलं चाललं की कार्डावरून एसएसडीवर या. पाय ५ ला एनव्हीएमई एसएसडी जोडायची पट्टी मिळते. कार्ड आणि एसएसडी यांतला फरक पहिल्या क्लिकलाच जाणवतो, आणि कार्ड सतत लिहिण्यानं झिजतं ते वेगळंच.

पायरी पाचवी: मराठी आणि कानडी, दोन्ही कीबोर्ड लावा

सीमाभागात एकाच सकाळी पंचायतीचा कानडी अर्ज आणि मंडळाचं मराठी पत्रक टाइप करायची वेळ येते, तेव्हा दोन्ही लावून ठेवा. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये भाषा जोडा, मराठी आणि कानडी दोन्हींसाठी इनस्क्रिप्ट मांडणीबरोबर उच्चाराप्रमाणे चालणारा फोनेटिक कीबोर्डही मिळतो, म्हणजे ‘के’ दाबला की ‘क’. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून अदलाबदल. उबुंटूमध्ये कीबोर्डच्या सेटिंग्जमधून ‘इनपुट सोर्स’ जोडा, अदलाबदल तशीच. मॅकवर ग्लोब कळ. रास्पबेरी पायवर नोटो किंवा लोहितचे देवनागरी आणि कानडी फाँट बसवून घ्या, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतील.

हे सगळं युनिकोडचं, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांचं झालं. जुन्या डीटीपी फाँटमधल्या फाईली एआरएम असो वा इंटेल, नव्या मशीनवर तो फाँट नसेल तर अक्षरांची खिचडीच दाखवणार. मशीन बदलायच्या आधी जुन्या मशीनवरच त्या युनिकोडमध्ये उतरवा आणि महत्त्वाच्या फाईलींच्या पीडीएफ करून ठेवा.

पायरी सहावी: विजेची व्यवस्था

हेस्कॉमची वीज गेली की लॅपटॉपवाल्यांना फरक पडत नाही. पायला बॅटरी नसते. चालू पायची वीज गेली तर कार्डावरची फाईल सिस्टीम बिघडू शकते, हा त्याचा खरा कच्चा दुवा. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस इथं उपयोगाचा नाही. तो ९ किंवा १२ व्होल्टचा असतो आणि त्याचं ५ व्होल्टचं भोक असलंच तरी ५ अँपिअरच्या जवळपासही जात नाही. टॉवर पीसीचा जुना ६०० व्हीएचा यूपीएस बॅटरी बदलून वापरा. पाय कामात असताना साधारण १० वॅटच्या आसपास खातो, वर मॉनिटरचे वीसेक. टॉवरला जेमतेम पुरणारा यूपीएस या जोडीला निवांत सांभाळतो. बंद करताना वायर ओढायची नाही. पाय ५ ला बटण आहे: एकदा दाबलं की मेनू येतो, लागोपाठ दोनदा दाबलं की नीट बंद होतो.

आणखी एक बारीक गोष्ट. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची छोटी बॅटरी वेगळी घेऊन लावावी लागते. ती नसेल तर वीज आल्यावर वेळ इंटरनेटवरून मिळेपर्यंत चुकीची राहते. जांबोटी-कणकुंबीकडं वीज येते तेव्हा नेट आलेलंच असतं असं नाही. मग नेट आल्या आल्या साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडवतात आणि माणूस व्हायरस शोधत बसतो. वेळ बघा आधी.

पायरी सातवी: परत करायची मुदत संपण्याआधी

पहिल्या पायरीतला कागद पुन्हा काढा. बिल हातात असताना, खोकं न फाडता, यादीतली प्रत्येक वस्तू नव्या यंत्राला लावून एकदा खरं काम करा: दोन्ही बाजूंची प्रिंट, एक स्कॅन, एक डिजिटल सही, कंपनीच्या व्हीपीएनवर एक तास, मराठीत एक पान आणि कानडीत एक अर्ज. जे चालेल त्यापुढं खूण, जे नाही त्यापुढं फुली. फुल्या एक-दोन असतील आणि त्या वस्तू बदलता येण्यासारख्या असतील तर यंत्र ठेवा. जुना कॉम्प्युटर निदान जीएसटीचं एक रिटर्न भरून होईपर्यंत विकू नका.

फुल्या जास्त झाल्या, आणि तरी कमी विजेचं छोटं मशीन हवंच असेल, तर इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी बघा. २०२३ मध्ये आलेल्या या प्रोसेसरचा टीडीपी (तापण्याचा कंपनीनं दिलेला अंदाज) ६ वॅट आहे, आणि तो एक्स८६ असल्यामुळं विंडोजवर चालणारे तुमचे ड्रायव्हर त्याला बहुधा जसेच्या तसे लागतात. पाय, चार्जर, कूलर, केस आणि एसएसडी यांची बेरीज करून मगच दोन्हींचे भाव शेजारी ठेवा.